उलटं छापलेलं नाव

नवरा काही लपवायला लागला की घरातली कामं आपणहून करतो, हे रेश्माने लग्नानंतर दोन वर्षांतच हेरून ठेवलं होतं. गेले आठ दिवस दीपक सकाळी उठून पाणी भरत होता. अंथरुणं तोच काढत होता, आणि स्वतःच्या कॉटवरच्या गादीला तर कुणाला हात लावू देत नव्हता.

गादीखाली काय आहे ते तिला ठाऊक होतं. पेनांचं मासिक. इंग्लंडात जुन्या फाउंटन पेनांच्या शौकिनांसाठी एक मासिक निघायचं. लीड्स की कुठल्याशा गावचा एक म्हातारा ते वाचून झालं की बारामतीला पाठवी, आणि बदल्यात दीपक त्याला हाताने कातलेली, एबोनाइट नावाच्या कडक रबराची पेनं पाठवी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. एरवी अंक आला की दीपक तो घेऊन थेट स्वयंपाकघरात यायचा. जुन्या पेनाच्या पोटातली रबराची पिशवी कशी बदलतात, उन्हात ठेवलेलं काळं एबोनाइट तपकिरी का पडतं, असलं काहीबाही कांदा चिरणाऱ्या बायकोला ऐकवायचा. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला ही माहिती कशाला लागते, असं ती विचारायची आणि तो हसायचा. ह्या वेळी ना पिशवी, ना एबोनाइट. अंक गादीखाली गेला तो गेलाच.

पाकिटातून आणखी काही, एखाद्या बाईचं पत्रबित्र, आलं असणार, असा तिचा संशय होता. चाळिशीतला माणूस, परदेशी तिकिटं, आणि एकदम गप्प. तिला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. पण आज त्याचा छडा लावायला सवड नव्हती. आज सासऱ्यांच्या मूळ गावची, वरकुट्याची माणसं यायची होती.

वरकुट्याची माणसं येणार म्हटलं की ह्या घरात कपाटांना कुलपं लागत. रीत रेश्माची नव्हती, तिच्या सासऱ्यांची होती. दत्तोबा बनसोडे, निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचे तात्या. घरात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तात्या आपल्या पेनाची हकिकत सांगत. रेश्माला ती लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सांगितली होती, हळद उतरायच्या आत.

"वरकुट्याच्या आपल्या वस्तीतला मी पहिला मास्तर," तात्या सांगत. "लोकांनी वर्गणी काढून मला पेन दिलं. हिरवंगार, वर माझं नाव कोरलेलं. मी कुणालाही पेन दिलं तरी टोपण काढून खिशात ठेवायचो. टोपण आपल्याकडे असलं की घेणाऱ्याला परत करायची आठवण राहते. सत्तावन्न साली बाजीराव सातवीच्या फायनल परीक्षेला ते पेन घेऊन गेला. टोपण माझ्याजवळ राहिलं, पेन गेलं. विकलं की काय केलं, त्याचं त्याला माहीत. टोपण अजून पेटीत आहे माझ्या."

बाजीराव म्हणजे तात्यांचे सख्खे धाकटे भाऊ, वरकुट्यालाच राहिलेले. ते कधी नाही म्हणत नसत, आणि रेश्माच्या लेखी हाच मोठा पुरावा होता. चोरीचा आळ आल्यावर गप्प बसतो तो माणूस कसला, असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं. म्हणून तिने आजही सकाळी कपाटाची किल्ली कमरेला खोचली आणि मग चहाचं आधण ठेवलं.

*

बाजीराव खुर्चीच्या कडेला बसले होते. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी त्यांनी पायाशी ठेवली होती, ती अजून कुणी आत नेली नव्हती. शेजारी मेघना उभी होती. त्यांच्या चार पोरांमधली ही शेवटची, सोळा वर्षांची, आणि शिकणारी एवढीच निघाली होती. दहावीला तालुक्यात नाव झालं होतं. बारामतीच्या कॉलेजात सायन्सला नंबर लागला होता, पण वसतिगृहाची यादी भरून गेली होती आणि वरकुट्याहून रोज जाऊन येऊन करणं जमण्यासारखं नव्हतं. सोमवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस. आज शनिवार.

इंदापूरपासून भवानीनगरपर्यंत बाजीराव एसटीत बोलायची वाक्यं जुळवत आले होते. इथे आल्यावर एकही वाक्य वापरावं लागलं नाही. तात्याच बोलत होते.

"राहू दे की. घर मोठं आहे," तात्या म्हणाले. "पण बाजीराव, काही गोष्टी आधी बोललेल्या बऱ्या. नंतर वाईटपणा नको."

"व्हय तात्या."

"पोरगी मधल्या खोलीत झोपेल. कपाटांना हात लावायचा नाही. काही लागलं तर रेश्माला मागायचं. मागून घेतलेली वस्तू जिथली तिथं परत."

"व्हय."

"महिन्या-महिन्याला गावाला जाताना पिशवी दाखवून जायचं. राग मानू नकोस. पुढे-मागे काही झालं तर तिच्यावरच नाव नको यायला."

बाजीरावांनी मान वर केली. समोर दीपक बसला होता. हा पुतण्या त्यांचा लाडका. लहानपणी हा त्यांच्या खांद्यावर बसून नरसिंहपूरच्या संगमावर गेलेला. तो आज काकाच्या नजरेला नजर देत नव्हता. म्हणजे ह्यालाही तसंच वाटतंय, असं बाजीरावांच्या मनात आलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. आजवर निदान एवढा एक तरी आपल्या बाजूचा आहे, असं त्यांनी धरलं होतं.

"व्हय," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

मेघना पटकन वाकली, शेंगांची पिशवी उचलली आणि आत गेली.

*

रेश्मावहिनीने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "चटणीला लागतील, सोल थोड्या."

मेघना भिंतीला टेकून बसली आणि शेंगा फोडू लागली. वडलांचे ते तीन 'व्हय' तिच्या डोक्यातून जात नव्हते. गावात हा माणूस कुणाचं एक ऐकून घेत नाही. कारखान्याची ऊसतोडणी उशिरा आली तर मुकादमाला फडावर उभं करून विचारतो. इथे बोलताना मात्र त्याचा आवाजच बदलतो. आपल्यासाठी चाललंय हे, एवढं तिला कळत होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

वहिनी आतल्या खोलीत गेली आणि लगेच परत आली. पदराखाली काहीतरी होतं. मेघनाकडे एकदा निरखून बघत तिने ते समोर फरशीवर ठेवलं. गुळगुळीत कागदाचं मासिक. वहिनीने ते दोन्ही हातांनी उचलून झटकलं. काही पडलं नाही. मग समोर मांडी घालून ती एकेक पान उलटू लागली, डाळ निवडावी तशी.

"काय शोधताय वैनी?"

"काही नाही. तुझं तू काम कर."

पानापानावर पेनं होती. काळी, लाल, गोमेदासारखी चकाकणारी. एका पानावर नुसती निबांचीच चित्रं, वर्तुळं करून दाखवलेली. वहिनी बघत होती ते मजकुरात कुठे पेनने केलेली खूण आहे का, कुणी काही लिहिलंय का. मध्यावर एका पानाला कोपऱ्यात दुमड घातलेली होती. तिथे ती थांबली.

मेघनाचे हातही थांबले. ती वहिनीच्या समोर बसलेली, त्यामुळे तिला सगळं मासिक उलटं दिसत होतं. फक्त एक फोटो सरळ दिसत होता. हिरवं पेन, त्यावर कोरलेली मराठी अक्षरं.

"द. सो. बनसोडे, वरकुटे," तिने वाचलं. "वैनी, हे तर तात्यांचं नाव हाय."

रेश्माने पान स्वतःच्या बाजूने पाहिलं, मग अंक फिरवून पाहिलं. छापणाऱ्याला अक्षरं वाचता येत नव्हती, त्याने फोटो उलटा छापला होता. सरळ बसून बघणाऱ्या रेश्माला त्या नुसत्या रेघोट्या वाटल्या होत्या.

"तू आधी बघितलं होतंस हे?" तिने विचारलं.

"मी कशाला बघू? आत्ताच तर आलोय आमी."

"मग एवढ्या लांबून कसं वाचलंस?"

मेघनाने पुढची शेंग फोडली. ह्या घरात खरं बोललं तरी त्याचा पुरावा द्यावा लागतो, हे पहिल्या तासाभरातच तिच्या ध्यानात आलं होतं. रेश्मा मासिक घेऊन ताडकन उठली आणि बाहेरच्या खोलीकडे चालू लागली.

*

दीपकने बायकोच्या हातात मासिक पाहिलं आणि त्याला कळलं की आठ दिवस फुकट गेले.

"आपलं चोरीला गेलेलं पेन ह्यात छापून आलंय," रेश्मा सासऱ्यांना म्हणाली. "आणि ह्यांनी ते गादीखाली दडवून ठेवलं होतं. का ते ह्यांनाच विचारा."

तात्यांनी अंक घेतला, उलटा धरला, चष्मा पुसून परत घातला. मग अंक त्यांनी मांडीवर पालथा ठेवला.

"कुणाकडे आहे हे?"

"तिकडच्या एका बाईकडे," दीपक म्हणाला. "तिची मावशी इकडे मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. मावशी वारली, सामानात हे सापडलं. पेनावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवेल का, असं विचारलंय. एवढंच."

बाजीराव उठून आले. तात्यांच्या मांडीवरचा अंक त्यांनी आपणच उचलला आणि उंबऱ्याजवळ उजेडात धरला. फोटोवरून बोट फिरवलं.

"हेच हाय," ते म्हणाले.

"हेच आहे ना?" तात्यांचा आवाज चढला. "मग गोऱ्या बाईच्या हातात कसं गेलं ते सांग. विकलंस ना? आज चाळीस वर्षं झाली, पण निघालं का नाही बाहेर? दीपक, चुलत्याची अब्रू झाकायला लपवलं होतंस होय? मला सांगायचं होतंस."

वडलांचा गैरसमज दीपकच्या सोयीचा होता. इथेच थांबलं तर सगळं जिथल्या तिथे राहील, बाजीरावकाकांना ह्याची सवय आहे, असा विचार त्याच्या मनात आला. तो आल्याबद्दल त्याला स्वतःची किळस आली, तरी तो गप्पच राहिला.

मेघना स्वयंपाकघराच्या दारात होती. मघाशी वहिनीने अंक फिरवून धरला तेव्हा तिने फोटोखालच्या मजकुरातले काही शब्द ओळखले होते. सगळं इंग्रजी तिला लागत नव्हतं, पण एक शब्द पाचवीच्या पुस्तकापासून ओळखीचा होता. तो शब्द उच्चारला तर काय होईल हेही तिला दिसत होतं. सोमवार हातचा जाईल. तात्या पुन्हा ह्या घरात पाऊल टाकू देणार नाहीत. मग गावातच राहायचं, खुरपं घ्यायचं आणि दोन वर्षांत कुणाच्या तरी घरी नांदायला जायचं. तिला कॉलेज हवं होतं, फार हवं होतं. समोर वडील मान खाली घालून उभे होते आणि ह्या खेपेलाही नाही म्हणत नव्हते.

"दीपकदादा," ती म्हणाली, "स्कूलमास्टर म्हंजी मास्तरच ना?"

दीपकने तिच्याकडे पाहिलं.

"खाली लिवलंय. स्कूलमास्टर. माझे आबा तर तवा शाळेत शिकत हुते. मास्तर कोण हुतं?"

"पोरींनी मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये," तात्या म्हणाले.

"वाच दीपक."

हे केसरबाईंनी म्हटलं. दीपकची आई इतका वेळ मागच्या दारी बसून होती, ती कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. नवऱ्याच्या बोलण्यानंतर केसरबाईंनी काही बोलायचं, हे ह्या घरात सहसा होत नसे.

दीपकने अंक घेतला. एकेक ओळ वाचत तो मराठीत सांगत गेला. एप्रिल एकोणीसशे सत्तावन्न. मावशी देवीची लस टोचायला नदीकाठच्या एका गावात गेली होती. रजिस्टर भरताना तिच्या पेनातली शाई संपली. तिथल्या तरुण मास्तराने स्वतःचं पेन दिलं. काम उरकून जीप निघाली, सात-आठ मैल गेल्यावर पेन आपल्याच पिशवीत राहिलंय हे तिच्या लक्षात आलं. भारतात येऊन तिला दोन महिने झाले होते. गावाचं नाव तिला धड ठाऊक नव्हतं, पेनावरचं वाचता येत नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तिची बदली झाली. त्या पेनाने तिने जन्मात कधी एक अक्षर लिहिलं नाही. मास्तराला ते परत जावं, अशी तिची इच्छा होती.

केसरबाई पुढे आल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी नुसतं चित्र बघितलं.

"ह्याला तर टोपण हाय," त्या म्हणाल्या.

"त्या बाईने बसवलं असेल दुसरं," तात्या म्हणाले.

"तसं नाही आई," दीपक म्हणाला, आणि आता तो आईशीच बोलत होता. "द. सो. ही अक्षरं टोपणावर आहेत. आडनाव नि गाव पेनावर. टोपण त्याचंच आहे."

"मग पेटीत काय हाय?" केसरबाईंनी नवऱ्याला विचारलं.

तात्या पुन्हा चष्मा पुसू लागले.

"दर उन्हाळ्यात म्या ती पेटी उन्हात घालती," केसरबाई म्हणाल्या. "सर्टिफिकेटं झाडती, डांबराच्या गोळ्या घालती. चाळीस उन्हाळे झालं. एकदा बी टोपण दिसलं न्हाय मला. वाटायचं, धन्यानं दुसरीकडं जपून ठिवलं आसंल. मग वाटाया लागलं, नसंलच. पर इचारलं न्हाय. इचारलं आसतं तर काय निघालं आसतं, त्याचं भ्या वाटायचं." त्या दिराकडे वळल्या. "भावजी, माझी बी चुकी हाय ही."

रेश्माने सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिने मनात बांधलेला कुठलाच इमला उभा राहिला नव्हता. हकिकतीवर सासूचा विश्वास नव्हता, नवऱ्याला आठ दिवसांपूर्वी सगळं कळलं होतं, आणि कुलपं मात्र ती लावत होती. तिला हुंदका आला तो रागाचा होता. "मला का नाही सांगितलं?" तिने दीपकला विचारलं. "वडील होते," तो म्हणाला.

*

तात्यांना आता सगळे आपल्याकडे बघताहेत हे दिसत होतं. तीस वर्षं त्यांनी वर्गापुढे उभं राहून बोलायचं काम केलं होतं. आज तोंड उघडलं तेव्हा मास्तरकीची भाषा आली नाही, वस्तीतली आली.

"टोपण काढून कसं द्यायचं तिला?" ते म्हणाले. "जीपमधनं उतरली. गोरी बाई. माझ्याम्होरं हात केला, पेन द्या म्हणाली. बाजीराव, तुला ठावं हाय त्या वक्ताला गावात काय हुतं. आपल्या हातनं कुणी कागद घेत नव्हतं, वरनं टाका म्हणायचं. आन ही बाई माझ्या हातनं घेती. म्या टोपणासकट दिलं. तिच्यावर अविश्वास दावायचा? माझी छातीच झाली न्हाय."

"मग?" बाजीरावांनी विचारलं.

"लिवून झालं. तिनं पेन पिशवीत टाकलं. म्या बघत हुतो. हाक मारायची, बाईसाहेब माझं पेन ऱ्हायलं, एवढंच म्हणायचं. तोंडातनं शब्द फुटंना. जीप गेली." त्यांनी गुडघ्यावरचे हात उचलून परत ठेवले. "सांच्याला मंडळी बसली. कुणी तरी इचारलं, मास्तर, खिशाला पेन दिसंना. वर्गणी काढून दिलेलं पेन. म्या काय सांगणार, मागायला भ्यालो? नुकतीच धम्माची दीक्षा घेतलेली. मान वर करून चालायचं म्हणून मीच सगळ्यांस्नी सांगत हुतो. म्हणलं, बाजाकडं हाय, परीक्षेला नेलंय. वाटलं आठवड्यात बाई येईल, पेन मिळंल, मिटून जाईल. बाई आलीच न्हाय. मग टोपण माझ्याजवळ हाय म्हणून बसलो. एकदा म्हणल्यावर परत कसं फिरायचं?"

"परीक्षा तर आदल्या दिशी संपली हुती," बाजीराव म्हणाले.

"व्हय."

"सांच्याला आलो. तुमी शाळंत नव्हता. म्या पेन तुमच्या टेबलावर ठिवलं, हजेरीच्या वहीवर."

"व्हय. वहीवरच हुतं. सकाळी म्या त्याला टोपण लावून खिशाला अडकवलं."

बाजीराव खुर्चीवर बसले. ह्या वेळी कडेला नाही, सबंध खुर्चीत बसले. मेघना जवळ आली, तिला वाटलं वडील आता तात्यांच्या अंगावर जातील. फडावर तोडणीवाल्यांपुढे चढतो तो आवाज तिने ओळखून ठेवला होता, तिला तो आता हवा होता. पण बाजीराव अगदी हळू बोलले.

"मंजी म्या ठिवलं हुतं."

"ठिवलं हुतंस," तात्या म्हणाले.

"बाप मारत हुता तवा म्या हेच वरडत हुतो, टेबलावर ठिवलं, टेबलावर ठिवलं. दोरखंडानं मारलं. वस्तीतल्या मानसांनी इचारलं, शपथ घातली. पंधरा-सोळा वर्साचं पोर मी. पंधरवडा झाला, महिना झाला, समदी एकच म्हणत्यात, न्हाय ठिवलंस. मग माझं मलाच वाटाया लागलं, खरंच ठिवलं का? का ठिवायचं म्हणून डोक्यात हुतं आन वाटंत पडलं? निकाल लागला, पास झालो. पर मास्तर व्हायचं मनातनं काढून टाकलं. ज्याला एक पेन सांभाळता आलं न्हाय त्यानं पोरं काय सांभाळायची." बाजीरावांनी तळव्याने डोळे पुसले. "इंदापूरच्या रस्त्यानं कितींदा तरी बघत गेलोय. लगीन झाल्यावर बी. बांधाच्या कडंनं, बाभळीच्या बुडी. बायकू म्हणायची, काय हुडकताय? म्या सांगायचो, काय न्हाय. तात्या, तुमी मला चोर म्हणलं त्याचं एवढं न्हाय. माझा माझ्यावरचा इस्वास गेला की वो."

तात्या उठले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, गुडघे धरून उठला आणि धाकट्या भावाच्या पायाशी वाकू लागला. बाजीरावांनी त्यांचे दंड धरून त्यांना मागे सारलं. ते प्रेमाने होतं की तिरस्काराने, हे दीपकला बघून कळलं नाही.

"पायाबियाला हात लावायचा न्हाय."

"बाजा, पोरीला ठेव हितं," तात्या म्हणाले. "तिला ठेवशील ना? सगळं घर तिचं हाय. मघाचं काय बोललो ते विसर."

तासाभरापूर्वी हीच विनंती करायला आलेले बाजीराव आता मुलीकडे वळले. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "तिला इचारा. ऱ्हायचं तिला हाय."

मेघनाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने नजर खाली घातली. ह्या घरात आजवर जे काही हरवलं असेल, ते वरकुट्याच्या नावावर चढलं असणार, आणि सवय एका दुपारीत जात नाही, हे सोळाव्या वर्षीही मेघनाला समजत होतं. पण सोमवार सोमवारच होता.

"मी ऱ्हाईन," ती म्हणाली. "पण चोराची पोर म्हणून न्हाय ऱ्हाणार. आबांना ज्यांच्यापुढं बोललात, त्यांच्यापुढं सांगा आधी. मग मी पिशवी घेऊन येते."

"त्यातलं कोण उरलंय आता?" तात्या म्हणाले. बोलताना त्यांच्या तोंडावर क्षणभर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं आणि केसरबाईंनी ते नेमकं पाहिलं.

"एक उरलंय," बाजीराव म्हणाले. "रंगूबाई."

तात्या खाली बसले.

"नव्वदीला टेकली. दिसत न्हाय, पर बुद्धाच्या इहाराच्या कट्ट्यावर बसती. खुरपणीच्या पैशातनं वर्गणी दिली हुती तिनं." बाजीरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "चारची गाडी हाय. चप्पल घाला."

"आजच?"

"आजच."

दीपक म्हणाला, "मी सोडतो ना तुम्हाला, उद्या सकाळी स्कूटरवर..."

"एसटीनं जातील," केसरबाई म्हणाल्या. "दोघं भाऊ एसटीनं जातील. तू बस गप."

त्यांनीच नवऱ्याची टोपी खुंटीवरून काढून हातात दिली. तात्यांनी ती घातली. दारात चप्पल पायात सरकवताना ते थांबले, आणि लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी भावाला विचारलं, "बाजा, पर तिला काय सांगू मी? कुठनं सुरवात करू?"

"लई सांगाया लागणार न्हाय," बाजीराव म्हणाले. "चाळीस वर्सं झाली, मी वाटंनं निघालो की रंगूबाई माझ्या पावलांवरनं वळखती. वाईट हेतू न्हाय तिचा. पर दर बारीला एकच इचारती, बाजीराव, घावलं का रं पेन?"

"मग?"

"आज तुमी जावा म्होरं. आन सांगा तिला, घावलं."